तांबडगावची साक्ष

"साहेब, अठरा वर्षांत तुम्ही कधी चुकीच्या माणसाला आत टाकलंय का?"

हा प्रश्न इराने विचारायचा, असं वर्गातल्या मुलींनी ठरवलं होतं. शुक्रवारी ग्रुपवर डेअर पडलं. रविवारी दुपारी अबू धाबीच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माईक फिरत फिरत चौथ्या रांगेत पोचला, तेव्हा इरा तो जवळजवळ हिसकावून घेऊन उभीसुद्धा राहिली होती. वर्षभरापूर्वीची इरा असती तर खुर्चीखाली शिरली असती. पण जानेवारीत तिने आंतरशालेय वादविवाद स्पर्धा जिंकली होती आणि तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज फार आवडायला लागला होता.

स्टेजवरच्या सोफ्यावर ठाणेदार इंगवले बसले होते. त्या नटाला स्वतःचं नाव होतं, पोस्टरवर छापलंही होतं, पण ते कुणी घेत नव्हतं. 'तांबडगावचा ठाणेदार' ही मालिका इराच्या जन्माआधीपासून चालू होती. एक छोटं गाव, एक पोलीस ठाणं, एका वेळी एक गुन्हा, आणि साहेब. प्रेक्षकांच्या आग्रहाखातर ते वर्दीतच आले होते. एसीच्या गारठ्यातही त्यांच्या कपाळावर घाम होता. तांबडगावात असतो तसाच.

हॉल हसला. साहेब हसले नाहीत.

"चुकीचा माणूस नसतो, बाळ," ते म्हणाले. "चुकीची साक्ष असते."

टाळ्या पडल्या. साहेबांनी वरच्या खिशातून डायरी काढली. तपकिरी पुठ्ठ्याची, काळ्या नाडीची. दर भागाच्या शेवटी ते त्यात त्या दिवशी ठाण्यात आलेल्यांची नावं लिहीत. इराने मनातल्या मनात आपलं नाव तयार ठेवलं. साहेबांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

"ही मागे कोण?"

मागे दुआ मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, डेअर पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून.

"मी? दुआ. दुआ जहूर परकार."

"राहायला?"

"खलिफा सिटी."

साहेबांनी लिहिलं, नाडी बांधली, डायरी खिशात टाकली. प्रश्न विचारणारीचं नाव कुणी विचारलंच नाही.

दुआ आणि इरा एकाच व्हिलात राहायच्या. म्हणजे व्हिला नावाचाच. मालकाने त्याचे सहा फ्लॅट केले होते. खाली परकार, वर सबनीस. जहूर अंकलचा मसाल्यांचा धंदा होता आणि अन्वरी आंटीच्या हातची सांदणं वरपर्यंत यायची. बाबा ऑफिसातून सहाला येत, साडेसहाला मालिका लागे, इंडियात तेव्हा आठ वाजलेले असत. इरा पाच वर्षांची असल्यापासून ती वेळ चुकलेली नव्हती. दुआही यायची, पण आईच्या चकल्यांसाठी. मध्येच विचारायची, हा माणूस चांगला की वाईट? इरा "शऽऽ" करायची.

मालिकेची एक पद्धत होती. गुरुवारी भाग संपला की एक नंबर झळके. त्यावर फोन करून प्रेक्षकांनी साक्ष द्यायची. आधी 'साक्षीदार' म्हणायचं, मग पूर्ण नाव, मग आपण काय पाहिलं ते. निवडलेली एक साक्ष सोमवारी साहेब टेबलावरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावत आणि तिच्यावरून केस पुढे जाई. इरा नऊ वर्षांची असल्यापासून दर गुरुवारी साक्ष देत होती. एकही लागली नव्हती. बाबा म्हणायचे, अगं, गल्फचे नंबर घेत नसतील ते.

कार्यक्रमानंतरच्या दुसऱ्या सोमवारी तांबडगावच्या स्टँडवर लाल एसटी थांबली. एक मुलगी उतरली. हवालदाराने नाव विचारलं.

"दुआ परकार," मुलगी म्हणाली.

आईने हातातली वाटी तशीच खाली ठेवली. खालून दार आपटल्याचा आवाज आला आणि अन्वरी आंटी ओढणी सावरत धावत वर आल्या, मागोमाग दुआ, तोंड झाकून हसत. रात्रीपर्यंत ग्रुपवर तीनशे मेसेज होते. मंगळवारी शाळेत दुसऱ्या तुकडीतल्या मुली दुआबरोबर सेल्फी काढायला आल्या. प्रश्न कोणी विचारला होता, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. दुआ बिचारी प्रत्येकीला सांगत होती की प्रश्न इराचा होता, मी नुसती मागे होते. त्याने तर इराच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

दप्तर तिला बुधवारी दिसलं.

पडद्यावरच्या मुलीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्याची चेन ओढायची पट्टी तुटलेली होती. तिथे निळा केसांचा रबर बांधला होता. इराने भाग मागे नेला, थांबवला, मोठा करून पाहिला. दुआच्या दप्तराची पट्टी ऑक्टोबरात तुटली होती, आणि तो निळा रबर इराने स्वतःच्या वेणीतून काढून तिथे बांधला होता. दोन गाठी, दुसरी उलटी.

बाबांचं म्हणणं पडलं की त्या दिवशी मालिकावाल्यांनी फोटो काढले असतील, कपडेपट सांभाळणारे लोक हुशार असतात. पटण्यासारखं होतं. फक्त त्या रविवारी दुआने दप्तर आणलंच नव्हतं.

मग ती मुलगी उत्तर देण्याआधी डाव्या कानाची पाळी ओढू लागली. मग 'हो' ऐवजी 'हां ना' म्हणू लागली. तिसऱ्या आठवड्यात तर इराला वाटलं, तिची हनुवटीही बदललीय. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, आजकाल सगळ्याच पोरी सारख्या दिसतात.

इराला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. दहा वर्षं एकही भाग न चुकवता बघणार ती, आणि चांगला-वाईट माणूस न कळणारी दुआ तिथे, साहेबांच्या समोर, लाकडी बाकावर बसून पितळी पेल्यातून पाणी पिणार.

त्या वेळी केस चालू होती तांबडगावच्या शाळेच्या घंटेची. पितळी घंटा चोरीला गेली होती. गुरुवारी भाग संपला, नंबर झळकला, आणि इरा फोन घेऊन मागच्या जिन्यात गेली. तिथे एसीची बाहेरची यंत्रं घरघरत होती. पायऱ्यांवर रेती साचली होती, चपलांखाली ती करकरली. विमानतळाकडे उतरणारं एक विमान अगदी डोक्यावरून गेलं. ते जाईपर्यंत ती थांबली. मग स्पर्धेत बोलली होती तसं, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"साक्षीदार इरा हेमचंद्र सबनीस. घंटा दुआने घेतली. मी पाहिलंय. तिच्या दप्तरात तळाशी एक हिरवा मोजा असतो. लपवायच्या वस्तू ती त्यात ठेवते."

मोजा खरा होता. शाळेत मोबाइल नेता यायचा नाही, म्हणून दुआ तो मोज्यात घालून न्यायची. हे जगात फक्त इराला ठाऊक होतं. आत येताना तिने स्वतःची समजूत घातली, मालिकाच तर आहे, कुणाचं काय जाणार आहे.

सोमवारी साहेबांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

आधी घरघर ऐकू आली, मग विमान. फोन लावण्याआधी गेलेलं विमान. मग इराचा आवाज.

ती सोफ्यावर ताठ झाली. आई चहात बिस्किट बुडवत होती.

"पोरगी छान बोलते," बाबा म्हणाले. "इरा, ऐक, असे उच्चार हवेत. किती स्वच्छ."

"बाबा, दॅट्स मी," इरा म्हणाली.

बाबा हसले. आईही हसली. नाव तर ऐकलंत ना, असं इराने विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साक्षीदाराचं नाव कुठे सांगितलं, असं आई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

पडद्यावर साहेबांनी दप्तर उघडलं, तळातून हिरवा मोजा काढला आणि टेबलावर उलटा केला. घंटा एकदाच वाजली. हवालदाराने मुलीला कोठडीत नेलं.

बुधवारी दुआ शाळेत आली नाही. गुरुवारी इरा उतरली तेव्हा परकारांचं दार सताड उघडं होतं आणि वॉचमन उमर रिकाम्या हॉलमधून झाडू फिरवत होता. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता.

"सब लोग इंडिया गया," उमर म्हणाला. "व्हिसा कॅन्सल. खलास."

इथे असं होतं. पार्टनर बदलतो, परवाना अडतो, माणसं चार दिवसांत आवरून जातात. इराच्या वर्गातून गेल्या वर्षी तिघी अशाच गेल्या होत्या. आईने हळहळून अन्वरी आंटींना फोन लावला. नंबर बंद होता. गेल्यावर इथला नंबर बंदच होतो. इराने दुआला मेसेज केला. एक टिक आली. दुसरी आली नाही.

साडेसहाला दुआ दिसली.

साहेब टेबलाशी बसले होते. त्यांच्या उजव्या खांद्यामागे कोठडीचे गज, आणि गजांमागे घोंगडीवर ती. या वेळी सारखी दिसणारी वगैरे कुणी नव्हती. दुआ होती. मनगटात निळा रबर होता.

केस संपली, दुसरी सुरू झाली, तिसरी झाली. दुआ तिथेच. कधी गुडघ्यांत डोकं घातलेली, कधी नुसती बसलेली. शाळेत मुली म्हणायच्या, काल दुआ काय छान रडली गं. एकजण म्हणाली, शी इज सो नॅचरल. इरा डबा बंद करून उठून गेली. एप्रिल गेला, मे आला, बाहेर दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसू लागला, आणि दुआ रोज दिसत होती. कोठडीत का होईना, रोज. साहेबांच्या इतक्या जवळ की त्यांचा चहाचा कप आणि ती एकाच चौकटीत मावत.

आणि साहेब थांबू लागले.

भागाच्या शेवटी ते डायरी उघडत, पेनचं टोपण काढत आणि म्हणत, "साक्षीदार समोर आल्याशिवाय सुटका नाही." मग नुसते बसत. सुरुवातीला तीन सेकंद. इरा मोबाइलवर मोजायची. मग दहा, मग पंचवीस. बाबा वैतागायचे, पाणी घालून वाढवतायत नुसती. काल एक्केचाळीस सेकंद झाले होते. एक्केचाळीस सेकंद टेबलावर एक माशी फिरत होती आणि साहेब समोर बघत होते. बरोबर सोफ्याच्या डाव्या टोकाकडे, जिथे इरा बसायची.

आज तिने उजव्या टोकाला बसून पाहिलं.

साहेबांनी मान किंचित वळवली.

त्यांच्या मागे दुआ उभी राहिली. गजांपाशी आली. कानाची पाळी ओढली. मग इराकडे बघत तिने मान हलवली. नाही. पुन्हा, हळूच, साहेबांना दिसू नये अशी. नाही.

इराला तो इशारा चांगला ओळखीचा होता. परीक्षेत चुकीचं उत्तर लिहायला निघालं की दुआ असंच करायची.

पण आता इराने तो वाचला तो असा: दुआला जागा सोडायची नाहीये.

तीन महिने. तीन महिने पुरे झाले की. साक्ष कोणाची होती? प्रश्न कोणाचा होता?

कोठडीत दुसरी घोंगडी अंथरलेली तिला तेव्हा दिसली. नवी, घडीच्या खुणा असलेली.

ती उठली. टीव्ही आणि सोफा यांच्या मधोमध उभी राहिली.

"बाजूला हो गं," आई म्हणाली.

"आई, बाबा, मी ठरवलंय."

आईने बिस्किट खाली ठेवलं. इरा घरात अशी सरळ मराठीत कधी बोलत नसे. आई विचारी, ती इंग्रजीत उत्तर देई, असंच होतं लहानपणापासून.

"मी तांबडगावला जातेय. साक्ष माझी होती आणि ती खोटी होती, हे मी साहेबांना समोर उभी राहून सांगणार. ते दुआला सोडतील. तिच्या जागी मी बसेन."

बाबा तिच्या बाजूने मान वाकवून पडदा बघत होते.

"थांब जरा," ते पुटपुटले. "साहेबांनी लिहायला घेतलं शेवटी."

इराच्या पाठीमागे कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"राहायला?" साहेबांनी विचारलं.

इरा वळली नाही. ती आईबाबांकडेच बघत होती.

"खलिफा सिटी," ती त्यांना म्हणाली. "राहत होते."