अंगठ्याखालचे हात

सुरज दारात येऊन उभा राहिला तेव्हा वैजनाथने भज्याचा पहिला घास नुकताच तोंडात टाकला होता.

"ताई, आमच्या बाबाचा फोटो चोरीला गेला. उद्या पुण्याच्या बाई येऊन राहिल्या, न् पेटीत निगेटिव्हच न्हाई."

हिंगोलीत खासगी तपासाचं काम करुणा खिल्लारे एकटीच करायची. वैजनाथ टपाल खात्यातून निवृत्त होऊन तिच्या सोबतीला लागलेला. माणूस सरळ, पण डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागायचा आणि ते तो स्वतःच कबूल करायचा.

"मग दुसरा काढा की फोटो," तो म्हणाला.

"काका, त्यातली पोरगी चाळीस वर्षांमागंच मेली."

वैजनाथने भजं खाली ठेवलं.

सुरजचे वडील जळबा यांचा जवळा बाजारला जुना स्टुडिओ. सर्कस आली की ते रोज तंबूत जाऊन फोटो काढत. दिवाळीत सुरजने त्यांची पेटी उघडली आणि काही फोटो मोबाइलवरून पुण्याच्या एका कलादालनात पाठवले. तिथल्या बाईंनी त्यातला एकच उचलून धरला.

"बाई म्हणल्या, हा नुसता फोटो न्हाई, कला हाय. प्रदर्शनाच्या दारात भिंतभर लावू. पर मोठा करायला निगेटिव्ह पायजे. बाबाचं नाव होईल, ताई. जन्मभर लोकांच्या पासपोर्टाचे फोटो काढले त्यांनी."

करुणाने मोबाइल हातात घेतला. एका झुल्यावरून सुटून दुसऱ्याकडे झेपावणारी मुलगी, मिना. केसांची बट न् बट स्पष्ट. मागे तंबूच्या कापडावर तिची काळीकुट्ट सावली. डावा कोपरा मात्र फोटो धरणाऱ्या सुरजच्या अंगठ्याखाली झाकलेला.

"त्याच खेळात ती जाळ्याबाहेर पडली. झेलणारी तिची सख्खी बहीण, चंदाबाई. परवा ती भांडून गेली, फोटो लावू नका म्हणून. चोर तीच! बाबा पोलिसात जाऊ देईना, पर उद्या सकाळी मी तक्रार देणारच."

स्टुडिओत पेटीची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्यावर होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. सुरजने झाकण उघडलं आणि खमंग वास आला. वैजनाथला अर्धवट राहिलेली भजी आठवली.

"भाजलेले तांदूळ," सुरजने कापडाची पुरचुंडी दाखवली. "ओल ओढून घेतेत. न्हाई तर फिल्मला बुरशी येते."

"पेटीतलं काही हलवलं?"

"न्हाई. दिवाळीनंतर कालच उघडली, तवाबी हाच वास आला. हे एक पाकीट रिकामं. बाकी समदं जिथल्या तिथं."

करुणा इतर फोटो बघत बसली. विदूषक, हत्ती, झुल्यावरच्या पोरी. पोरींचे फोटो पुसट आलेले, हलल्यासारखे.

"पोरी वर असल्या की फ्लॅश मारायचा न्हाई, सर्कसचा नियमच तसा," कोपऱ्यातून जळबा म्हणाले. "तंबूतल्या दिव्यावर जसं येईल तसं." मग थोड्या वेळाने, "जाऊ द्या ताई. गेला तर गेला. कुणाला तकलीफ नका देऊ."

जळबांचा जुना मदतनीस प्रेमदास हट्ट्याला एका लग्नाच्या मांडवात सापडला. चार दिवस तिथेच होता. मांडवातल्या आचाऱ्यानेही ते सांगितलं.

"मी कशाला चोरू? आमचं फाटलं ते फ्लॅशवरून. चौऱ्याऐंशीपासून त्यांनी फ्लॅश हातात धरला न्हाई. लग्नातबी न्हाई! गिऱ्हाईक गेलं समदं. मी म्हणलं, काहून असं? तर बोलले न्हाईत."

"आणि पेटीतले तांदूळ?"

"ते तर कुणाला शिवू देत न्हवते. पेटी उघडली की जुने फेकायचे, नवे सोताच भाजायचे."

चंदाबाई औंढ्याच्या वाटेवरच्या तांड्यात राहत होती. बोलताना दोन्ही हात पदराखाली.

"व्हय, भांडले. किल्ली कुठं असते तेबी ठाव हाय मला. पर चोरी न्हाई केली."

"फोटो पाहिला?"

"कसा पाहू? माझेच हात चुकले, बाई. मी गुडघ्यानं उलटी लटकलेली, ती येऊन राहिली, अन् एकदम पांढरा उजेड झाला. मग ती न्हवतीच. मालक म्हणला, तुला चक्कर आली." तिने पदर हातांवर आणखी ओढला. "तवापासून कुणाचं लेकरू म्हणून हातात घेतलं न्हाई मी."

वैजनाथला वाईट वाटलं, पण चोर सापडल्याचं समाधानही वाटलं. किल्ली ठाऊक, भांडण झालेलं. आणखी काय पाहिजे?

"चला आमच्यासोबत," करुणा चंदाबाईला म्हणाली.

उन्हं कलायला लागली तेव्हा सगळे स्टुडिओत जमले.

"पेटी उघडली की मला भूक का लागते, काका?" करुणाने विचारलं.

"तांदळाचा वास..."

"दिवाळीतले तांदूळ असते तर वास कधीच उडाला असता. म्हणजे दोनचार दिवसांत कुणीतरी पेटी उघडली, एक निगेटिव्ह घेतली आणि उरलेल्यांना ओल लागू नये म्हणून ताजे तांदूळ भाजून ठेवले. चोर असं करतो का? चंदाबाईंना ही रीत माहीत नाही. प्रेमदासला आहे, पण तो हट्ट्याला. सुरजला तर फोटो हवाच होता. उरलं कोण?"

सुरजने वडिलांकडे पाहिलं. जळबांनी मान वर केली नाही.

"पण काहून? त्यांचाच फोटो, त्यांचंच नाव होणार!" वैजनाथ म्हणाला.

"सगळ्या पोरी पुसट, ही एकटीच लख्ख. मागे कापडावर काळी सावली. तंबूतल्या दिव्यांनी अशी सावली पडत नाही. फ्लॅशने पडते. चंदाबाईंना दिसलेला पांढरा उजेड तोच, आणि त्या वर्षापासून जळबांनी फ्लॅशला हात लावला नाही. मिना झेलणाऱ्या हातांकडे बघत होती आणि त्याच क्षणी तिचे डोळे दिपले. पुण्यातल्या जाणकारांनी सावली ओळखली असती."

"नवा घेतला होता," जळबा म्हणाले. "वाटलं, एक तरी फोटो साफ यावा. एकदाच दाबला. लोकांना वाटलं, खेळातलीच गंमत हाय. मालक म्हणला, चंदाचे हात चुकले. मी एक दिवस गप बसलो. मग दुसऱ्या दिवशी सांगायला तोंड राहिलं न्हाई. अशी चाळीस वर्षं गेली."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागदाची घडी काढली. आत निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेला छोटा फोटो होता.

"तीनदा काडी ओढली. जाळवत न्हाई. जन्मात येवढा एकच चांगला फोटो निघाला माझ्या हातून."

वैजनाथला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचं काय करायचं ते त्याला कळेना.

करुणाने घडीतला छोटा फोटो चंदाबाईसमोर धरला. ज्या कोपऱ्यावर सुरजचा अंगठा होता तिथे दोन हात होते. पुरते ताणलेले, बोटं उघडलेली, मिनाच्या हातांच्या अगदी रेषेत.

चंदाबाईने बहिणीकडे आधी पाहिलं नाही. ती त्या हातांकडेच बघत राहिली. मग पदराखालून स्वतःचे हात काढले आणि फोटोशेजारी धरले.

"बराबर होते की," ती म्हणाली. "माझे हात बराबर होते."

"चंदा..." जळबा उठायला लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बाईंना काय सांगू?" सुरजने चंदाबाईला हळूच विचारलं.

"लाव म्हणावं. भिंतभर लाव. पर हा कोपरा झाकू नको. अन् खाली लिव, तिचं नाव मिना होतं, अन् उजेड कुणाचा होता ते."

सुरजने कागद घेतला. जळबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आण. मीच लिवतो," ते म्हणाले.