अठरावी ओळ

पहिल्या भेटीत बिस्त्राने यासेनच्या छातीवर लाल ठिपका पाडला होता. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या जुन्या दगडी नाट्यगृहात ती लेझरने पायऱ्यांची अंतरं मोजत होती, आणि तो मधे आला.

“बाजूला व्हा, तुमच्यामुळे माप चुकतंय.”

“चुकू दे की. जवळचं तरी मिळेल...”

त्याला वर्ष झालं. आता दोघं एकाच कामावर होते. स्पीकरचे बारा डबे एकाखाली एक टांगायचे. कुठल्या दोन डब्यांत किती कोन ठेवायचा, ते बिस्त्रा ठरवायची. पुढच्यांचे कान बधिर होऊ नयेत आणि शेवटच्या पायरीवरच्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळावा, एवढंच बघायचं. खिळी घालून तो कोन पक्का करायचं काम यासेनचं. मग तो माईक घेऊन ओळीओळीत उभा राहायचा आणि ती खाली बसून आकडे टिपायची. बोलणं हातातल्या वॉकीटॉकी रेडिओवर. त्या बोलण्यासाठी ती घरून लवकर निघायची... हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी तो अठराव्या ओळीत पोहोचला, तर तिथे आज संध्याकाळी गाणारी गायिका झ्लातिना बसलेली. तिने पीच कापून त्याला फोड दिली. त्याने घेतली. मग हसता हसता तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला — आणि काढलाच नाही.

“बिस्त्रा, अठरावी. घेतेस ना?” रेडिओ बोलला.

खालून ती त्या बाहीकडेच बघत होती.

“बिस्त्रा? ... अगं, बिस्त्रा!”

तिने रेडिओ बंद केला. सतराव्या ओळीचेच आकडे अठराव्यापुढे लिहून टाकले.

दुपारी चारला यासेन धापा टाकत खाली आला. “गाणं लावून फिरलो. अठराव्या ओळीत आवाज पडतोय. सहाव्या-सातव्या डब्यांमधली खिळी मी चुकीच्या भोकात घातली. पण तुझ्या मोजणीत कसं नाही आलं?”

मुख्य तंत्रज्ञ स्तामेनकाका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “सहाला दारं उघडतात, पोरी! मोजलं होतंस का?”

“नाही.”

“का?”

“ती... ती याला पीच भरवत होती.”

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “उतरवा!” असं ओरडून ते डबे टांगलेल्या साखळीकडे निघून गेले.

खडखडत सगळे डबे खाली आले. दोघं गुडघ्यांवर बसले. तिने डबा धरला, त्याने खिळी उपसली.

“भरवत नव्हती,” तो हळूच म्हणाला. “दौऱ्यावर चल म्हणत होती. चार महिने, पार ग्रीसपर्यंत.”

“मग?”

“मी हो म्हणालो.”

बिस्त्राचा हात डब्यावरून सुटला.

“कधी?”

“सकाळीच. तीन हाका मारल्या तुला. तू रेडिओच बंद केलास. मला वाटलं, हिला माझं काहीच नाही.”

खिळी योग्य भोकात बसली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. इतक्या हळू, की त्याला ओठांकडे बघावं लागलं.

तो उठला, हात पँटला पुसले. “तिला सांगून येतो. पण तिने कारण विचारलं तर?”

“सांग, बिस्त्रा नको म्हणाली.” ती लाल झाली होती, पण थांबली नाही. “आणि उभ्या-उभ्याच सांग. तिच्या शेजारी बसायचं नाही.”