न सरकणारी रेघ

सगळ्या चांदण्या सरकत होत्या. ती रेघ तेवढी सरकत नव्हती. रंजिताला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

कॉलेजातून मागून आणलेली दुर्बीण साधी, हाताने फिरवायची. पृथ्वी फिरते, म्हणून तिच्यातलं आकाश सारखं एका अंगाला वाहत असतं; जे पाहायचं ते मिनिटभरात निसटतं, पुन्हा नळी ढकलून पकडावं लागतं. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत हाताला ती सवयच लागली होती. आज मात्र ढकलायची वेळच येईना.

दोन हजार सातचा डिसेंबर. अर्जुनी मोरगावकडचं मामाचं गाव, आणि दिवेलागणीलाच भारनियमन. त्यामुळे तलावाच्या पाळीवर काळोख कसा घट्ट बसलेला. सोबतीला दहावीतली मामेबहीण, खुशबू. निघताना मामीने बजावलं होतं, "तुया भरवशावर पाठवून राहिली पोरीले. आन् अंधारात कोनी हाक मारली, तं तिसऱ्या हाकेबिगर ओ नोका देऊ."

"ताई, माले पाहू दे ना! तूच चिपकून बसली."

"हात नको लावू हं. अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका आहे ती, आपल्याकडे कड करून. थाळी डोळ्यांसमोर आडवी धरली की नुसती रेघ दिसते ना, तशी. तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो."

"बाई! मंग लयच शिळा झाला असन." खुशबू हसत वाकली. मग तिचं हसू मध्येच थांबलं. "ताई... थाळी तिरपी होऊन राहिली."

"काहीतरीच!"

"खरंच वं... इकडं तोंड करून राहिली."

रंजिताने तिला बाजूला सारून डोळा लावला. रेघेच्या मधोमध काळा पट्टा असतो, हे तिने पुस्तकात पाहिलं होतं. आता त्याच्या दोन्ही बाजूंचा उजेड हळूहळू फाकत होता, झोपेतून पापण्या उघडाव्यात तसा. दीर्घिकेला एवढं वळायला कोट्यवधी वर्षं लागतात. आणि आज वळताना दिसतेय, म्हणजे वळली ती तीन कोटी वर्षांपूर्वीच. तेव्हा तर पृथ्वीवर पाहणारं माणूसच नव्हतं. मग वळली कोणासाठी?

तिने झटकन डोळा बाजूला घेतला. पाळीवर ती एकटीच होती.

तलावातल्या बदकांचा कालवा बंद पडला होता. शेतात रचलेल्या धानाच्या पुंजण्यांचा उबट वास तेवढा येत होता. खुशबूच्या चपला दुर्बिणीपाशीच होत्या, जोडीने, जणू देवळात शिरताना काढून ठेवलेल्या.

"खुशबू!"

पाण्यावरून काहीच आलं नाही. मामीचं ऐकतेय कार्टी, तिसऱ्या हाकेसाठी थांबलीय... रंजिताने स्वतःला समजावलं.

"खुशबू... ए बाई, पुरे झाली चेष्टा."

आता एकच हाक उरली होती, आणि तीच तिच्याने मारवेना. तिलाही ओ आली नाही, तर मामीला कोणत्या तोंडाने सांगायचं? न मारलेल्या हाकेत अजून खुशबू शाबूत होती.

शेवटी तिने डोळे मिटले.

"खुशबू..."

"ओ, ताई..." दुर्बिणीच्या नळीतून, फार फार आतून ओ आली. "केव्हाची वाट पाहून राहिली मी, तुया तिसऱ्या हाकेची..."

आवाज खुशबूचाच होता. फक्त अतिशय म्हातारा.