उलटी प्रदक्षिणा

सुधींद्रची आणि माझी ओळख पाठीकडून झाली.

म्हणजे त्याच्या पाठीकडून. बॉलरूम नाचाच्या स्पर्धेत नंबर पुरुषाच्या पाठीवर असतो आणि आमच्याकडे तो जोडीदारणीने लावायचा अशी पद्धत आहे. चिठ्ठीत माझ्या नावाबरोबर ज्याचं नाव निघालं, तो गृहस्थ मंगल कार्यालयाच्या खांबाकडे तोंड करून उभा होता. पांढरा शर्ट, मानेवर नुकत्याच कापलेल्या केसांची रेघ. मी त्याच्यामागे, हातात पाच नंबरचा कागद आणि चार सेफ्टी पिना. तीन सुरळीत लागल्या. चौथी शर्टातून, बनियनमधून पुढे गेली.

"अय्यो," तो अगदी हळू म्हणाला.

मी दातांची डॉक्टर आहे. म्हैसूरला चामराजपुरममध्ये माझा दवाखाना आहे आणि माणसं किती प्रकारे ओरडतात ते मला ठाऊक आहे. इतक्या सभ्यपणे दुखवून घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"देवा, हात बघा कसा थरथरतोय," मी पुटपुटले.

"परवागिल्ला, चालायचंच," तो खांबालाच म्हणाला. मग दचकून वळला. "तुम्ही मराठी?"

"घरापुरती."

"आम्हीपण घरापुरतेच. त्यातही अर्धं कन्नड."

वळताना पिन त्याला पुन्हा टोचली असावी. डोळ्यांत किंचित पाणी होतं. ते पिनेचं होतं हे मला कळत होतं, तरी माझ्या पोटात काहीतरी हललं... भीतीच असणार. त्या दिवशी सकाळपासून पोटात दुसरं काही नव्हतं.

स्पर्धेचे आयोजक नरसिंहमूर्ती सार, म्हणजे सर, हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी महिनाभर आधी सगळ्या स्पर्धकांना पत्रक पाठवलं होतं : मागील वर्षी स्पर्धकांना पुरेसा आनंद झाला नसल्याचे निदर्शनास आले आहे, तरी यंदा तो सर्वांनी घ्यावा. आनंदाची तरतूदही त्यांनी केली होती. हासनहून तीन तास प्रवास करून यायचं, दीड मिनिट नाचायचं आणि हरून परत जायचं, हे बंद. हरणाऱ्यांनाही दोन फेऱ्या. मधल्या वेळात कोणीही कोणाबरोबरही नाचावं, परीक्षकांनीसुद्धा. ज्यांना जोडीदार नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या. आणि चिठ्ठी मानवली नाही तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत जोडीदार बदलायची मुभा, कारण न देता.

ही शेवटची मुभा वाचून मला घाम फुटला होता. कारण मागच्या वर्षी मी पळाले होते.

फ्लोअरवर पाऊल ठेवलं, दोनशे लोकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यापुढचं मला आठवतं ते थेट स्कूटरवरचं. माझा जोडीदार हात पसरून मधोमध उभा राहिला, संगीत संपेपर्यंत. हल्ली तो सायकल चालवतो म्हणे, एकट्याने. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. आमच्या घराण्यात रणात कोणी पाठ दाखवलेली नाही, असं माझे वडील रणोजीराव प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पुरावा म्हणून ते स्वतःच असतात. वर्षभर हे वाक्य म्हणताना ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

आमच्या नृत्यशिक्षिका पावनी मॅडम रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की, यंदा संगीत संपेपर्यंत फ्लोअरवर राहा, नाचलीस तर उत्तमच. पुन्हा पळालीस तर मात्र तुझा हात धर, असं मी कोणाला सांगू शकणार नाही.

अकराला वॉल्ट्झची पहिली फेरी. सुधींद्र येलवालच्या शाळेत भूगोल शिकवतो, हे मला फ्लोअरच्या कडेला उभं असताना कळलं. त्याचा हात थंड आणि ओलसर होता.

"मला जरा गाबरी झालीय," तो म्हणाला. "तुम्हाला?"

"छे," मी म्हणाले. माझे दात वाजत होते, आणि ते वाजायला नकोत हे मला व्यवसायाने माहीत होतं.

आता नियम असा की सगळ्या जोड्यांनी हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. रस्त्यावरच्या वाहतुकीइतका साधा नियम. वर्षभर मी तो पाळत आले होते. पण भीती वाटली की माणूस शिकलेलं विसरतो आणि लहानपणचं आठवतो. त्यात उद्घाटनाची समई हॉलच्या मधोमध तेवत होती. पेटलेली समई हलवायची कोणी, यावर एकमत झालं नव्हतं, म्हणून तिच्याभोवती दोन खुर्च्या लावून स्पर्धा सुरू केली होती.

संगीत सुरू झालं. टी. नरसीपूर असो की चामुंडी, आईने बोट धरून ज्या देवळात नेलं तिथे एकच शिकवलं होतं : मधलं जे असेल ते उजव्या हाताला ठेवायचं आणि चालू लागायचं. मी समई उजव्या हाताला घेतली आणि चालू लागले. सुधींद्रला ढकलत. समोरून सात जोड्या आमच्या अंगावर येत होत्या. हासनची जोडी बाजूला उडाली. एका परीक्षकाने पाय वर घेतले. सुधींद्र पाठमोरा सरकत खांद्यावरून प्रत्येकाची माफी मागत होता, तीन भाषांत. तीन प्रदक्षिणा झाल्यावर मी आपोआप थांबले. नशिबाने संगीतही थांबलं. हात जोडले नाहीत, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यात बसले. सुधींद्र नरसिंहमूर्ती सारांच्या टेबलाशी उभा होता. बराच वेळ बोलत होता. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या दोघातिघांनी हसत त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि काय सांगितलं ते मी शब्दशः सांगू शकले असते. दार दहा पावलांवर होतं. स्कूटरची चावी हातात आली होती. आणि तेव्हा मला एक विचित्र गोष्ट जाणवली. मला फ्लोअरची भीती वाटतच नव्हती. हा माणूस जोडीदार बदलेल, याची वाटत होती. ही भीती नवी होती, आणि जुनीपेक्षा मोठी.

तो दहीभाताच्या दोन बशा घेऊन आला.

"मागच्या वर्षीचं सांगितलं त्यांनी."

"मग... बदलली जोडी?"

"जोडी? मी समई हलवता येईल का विचारायला गेलो होतो. नाही म्हणतात. देवाचं काम." त्याने बशी माझ्या हातात दिली. "पण तुम्ही चुकत नाही हो. समईकडे उजवा खांदा असतो ना तुमचा? तसाच ठेवा. फक्त पुढे येऊ नका, मागे जा. गाभाऱ्यातून निघताना आपण पाठ न दाखवता मागे सरकतो, तसं."

मी चमचा बशीत फिरवून पाहिला. खरंच की. मी मागे सरकले तर समई माझ्या उजवीकडेच राहत होती.

"पण तुमच्या डावीकडे येईल ती," मी म्हणाले. "तुमची प्रदक्षिणा उलटी होईल."

"होऊ दे. दोष लागला तर मला लागेल."

घरी असं काही कोणी बोललं असतं तर मी हसले असते. तिथे मी चमचा खाली ठेवला.

"आणि मी पळाले तर?"

"तर मी तुमच्यामागून पळेन. पाठीवर नंबर आहेच. लोकांना वाटेल नाचातलंच काही आहे."

दुसरी फेरी तीनला होती. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा आणि कॉफीचा वास येत होता. मी मागे सरकू लागले. एक-दोन-तीन. समई उजवीकडे. हासनची जोडी शेजारून गेली आणि त्यातल्या बाईने मला डोळा मारला. दर प्रदक्षिणेला दार यायचं. पाठीवर बाहेरच्या उन्हाची झळ लागायची, रिक्षांचा आवाज यायचा. तिसऱ्या वेळी दाराशी माझं पाऊल अडलं. माझ्या पाठीवरचा सुधींद्रचा हात घट्ट झाला नाही आणि सुटलाही नाही. तो तसाच सैल होता. जायचं असतं तर मला जाता आलं असतं.

म्हणून राहिले. चौथी प्रदक्षिणा झाली, पाचवी झाली, आणि मग संगीत संपलं. टाळ्या कशासाठी वाजतायत ते मला लगेच कळलं नाही. पावनी मॅडम लांबून नुसत्या मान हलवत होत्या.

आम्ही आठवे आलो. जोड्या आठ होत्या. नरसिंहमूर्ती सारांनी अभिप्रायाचा कागद पुढे केला, 'आनंद झाला का?' मी लिहिलं : भीती वाटली, पुढच्या वर्षी परत येईन. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'हो' या रकान्यावर खूण केली.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर ऊन कलतं झालं होतं. सुधींद्र एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे आमचे डोळे सरळ रेषेत आले होते. तो खिसे चाचपू लागला. मग हेल्मेट आत राहिलं असावं असं म्हणाला. हेल्मेट त्याच्या हातातच होतं.

"सुधींद्र," मी म्हणाले, "तुम्ही पळताय."

"हो," तो म्हणाला. मान खाली गेली. "मला... रविवारी तुमच्या घरी यायचं होतं. नाचायला नाही."

"मग कशाला?"

"तुमच्या वडिलांना भेटायला. म्हणजे आधी तुम्हाला विचारायला हवं... तेच विचारतोय. अजून विचारलं नाहीय. विचारायचा धीर होत नाही." त्याने वर पाहिलं. कपाळावर घाम होता. "माझ्याशी लग्न कराल?"

इतकी भीती मला मागच्या वर्षीही वाटली नव्हती. सवयीने मी आधी दार कुठे आहे ते शोधलं. ते माझ्या पाठीमागे होतं. आम्ही बाहेरच उभे होतो. पळायचं म्हटलं तर मला आत जावं लागलं असतं, आणि आत दोनशे लोक होते.

"रविवारी नको," मी म्हणाले. "रविवारपर्यंत माझा धीर टिकायचा नाही. आजच चला."