धोट्यांचा काकण

तपकिरी रंगाची डबी आणायला केसरीनाथ भिवंडीला गेला आणि ऊन कलायच्या आत अंजूरला परतला. आता फक्त पक्ष्याचे डोळे रंगवायचे राहिले होते.

खाडीवरच्या समुद्रगरुडाला गावात काकण म्हणतात. बंद पडलेल्या लूमचे लाकडी, टोकदार धोटे भंगारातून आणून केसरीनाथनं तो बांधला होता. एकेक धोटा म्हणजे एकेक पीस. पूर्वी खाडीच्या बांधावरच्या शिरीषावर काकणाची जोडी असायची. गोडाऊनसाठी झाड पाडलं आणि जोडीही गेली. त्याच जागी हा बसवायचा, असं गावानं ठरवलं होतं. ठरवताना लोक हसलेही होते, कारण मागं त्यानं शाळेसाठी घार केली तेव्हा सगळ्यांनी तिचं नाव ‘केसरीची कोंबडी’ ठेवलं होतं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. या खेपेला हसू झालं तर हत्यारं खाडीत टाकीन, असं त्यानं बायकोला, कमळला, सांगून ठेवलं होतं.

घराणं गणपती करणाऱ्यांचं. डोळ्यांची आखणी झाली की मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकायचं आणि मूर्ती जागेवर पोचल्यावरच ते काढायचं, ही त्यांची रीत. केसरीनाथनं आखणी केली, फडकंही टाकलं. पण त्याला राहवेना. रीत देवाची, पाखराला कसली रीत, असं म्हणत त्यानं ते उचललं.

समोर शेडची खिडकी होती आणि खिडकीबाहेर खाडी. पक्षी तिकडे बघत होता.

आधी वास आला, ओल्या मासळीचा आणि खाऱ्या चिखलाचा. मग धोटे वाजले. खट्... खट्... वारा नव्हता. दारातल्या केळीचं पान हलत नव्हतं. केसरीनाथच्या अंगावर सरसरून काटा आला.

“कमळ...” त्यानं हळूच हाक मारली. “ऐकतेस का?”

कमळ उंबऱ्यापाशी येऊन थांबली. “फडका कुठं हाय?”

“काढला मी.”

“जागेवर न्यायच्या आधीच?...” ती दबक्या आवाजात म्हणाली. “बगा तरी. आपल्याकडं न्हाय बगत. झाड व्हता तिकडं बगतोय...”

केसरीनाथनं फडकं परत टाकलं. धोटे गप्प झाले. तो घाबरला होता, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या तळाशी आनंद उकळत होता. कोंबडी बघून कुणाला घाम फुटत नाही.

सकाळी पक्षी टेम्पोत चढवला आणि केसरीनाथनं शेडला स्वतः कुलूप लावलं. बांधावर सगळं गाव जमलं होतं. टेम्पोवाला कुणाल तर फडकं निघताच कोंबड्यासारखं आरवून दाखवायच्या तयारीत होता.

फडकं निघालं. गोडाऊनच्या पत्र्यांवरची सगळी कबुतरं एकदम उठली आणि मानकोलीकडे पळाली. कावळे चिडीचूप झाले. कुणालचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आणि मग खाडीपलीकडून एक काकण आला, खराखुरा, पांढऱ्या पोटाचा. कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. त्यानं वर एक घिरटी घातली आणि तो सरळ धोट्यांच्या पंखावर येऊन बसला.

म्हाताऱ्या आक्कानं हात जोडले. “केसरी, जिकलास रं बाबा,” ती म्हणाली.

मग काय विचारता. ज्यांनी कोंबडी म्हटलं होतं, त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल कुठून आला कोण जाणे. केसरीनाथ हसत होता आणि रडतही होता, आणि दोन्हीची त्याला लाज वाटत नव्हती.

गुलालानं माखलेला तो कमळसोबत परतला. कुलूप जसंच्या तसं होतं. त्यानं शेड उघडली.

पक्ष्याच्या रिकाम्या चौथऱ्यावर तिवराच्या ओल्या काड्यांचं मोठं घरटं रचलेलं होतं, आत लूमचं सूत अंथरलेलं. सुतावर खाडीच्या चिखलाचं एक अंडं होतं.

“तुमी केलाव?” कमळनं विचारलं.

“न्हाय.”

त्यानं हात लावला. अंडं गरम होतं. या वेळी मात्र तो रीत विसरला नाही. त्यानं काकणावरून काढलेलं, खांद्यावर टाकलेलं फडकं घेतलं आणि अलगद अंड्यावर टाकलं.

फडक्याखालून आवाज आला. खट्...