बोटीवरचं नाव

"अहो पेंटर, नाव चुकलंय!"

शिडीवरचा पेंटर दचकला. खाली धक्क्यावर नर्स उभी होती. खांद्याला लशींचा डबा, कपाळावर आठ्या, पण डोळे मात्र हसरे...

आरोग्य खात्याच्या नव्या दवाखाना-बोटीवर तो या नदीखोऱ्याचं नाव रंगवत होता.

"ऑर्डरमध्ये असंच आहे, सिस्टर. मधलं अक्षर ऱ्हस्व."

"इथल्या बोलीत ऱ्हस्व केलं की अर्थ होतो गढूळ पाणी. दीर्घ केलं की पाण्याची कूस. दवाखान्यावर गढूळ पाणी लिहिणार?"

"मी फक्त रंगवतो हो..."

"मग चला फेरीला. लोकांच्या तोंडूनच ऐका."

ती जुन्या बोटीत चढलीसुद्धा. आपण तिच्यामागे का गेलो, ते पेंटरला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या धक्क्यावर एक आजी धावत आली. सुनेला कळा लागल्या होत्या.

"पेंटर, पाणी तापवा! बघत काय राहिलात?"

त्यानं पाणी तापवलं आणि बाहेरच्या खोलीत जीव मुठीत धरून बसला. थोड्या वेळानं सिस्टर बाळाला घेऊन तिथल्या टेबलाशी आली. बाळ रडत नव्हतं. सगळं अंग निळं. तिनं त्याची पाठ चोळली, चिमुकल्या तोंडावर मास्क धरला आणि रबरी पिशवी दाबत राहिली.

मग एक बारीकसा आवाज... आणि बाळ टाहो फोडून रडलं.

पेंटर उठून टेबलाशी आला. जन्मभर रंग कालवले होते त्यानं, पण निळ्याचा असा गुलाबी होताना कधी पाहिला नव्हता.

"जन्मठिकाण?" सिस्टरनं नोंदवही उघडली. आजीनं खोऱ्याचं नाव सांगितलं. मधलं अक्षर चांगलं लांबवून, लाडानं.

परत येताच पेंटरनं ते अक्षर पुसलं आणि दीर्घ काढलं.

"साहेब ओरडतील हं."

"ओरडू देत. सिस्टर... माझं इथलं काम संपलं. उद्या निघायचंय."

"मग निघा की." तिनं डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं.

"निघू?"

"मला विचारलंत तर... मी नाहीच म्हणणार."

"तुम्हालाच विचारतोय."

"नाही."

तो शिडीवरून उतरून धक्क्यावर टेकला. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याचा रंगानं माखलेला हात धरला.

"अहो, रंग ओला आहे! लवकर निघत नाही तो."

"मला कुठं घाई आहे?"