माळ्याच्या खिडकीतली बाई

दर हॅलोवीनला गावच्या ग्रंथालयाच्या दर्शनी खिडकीत बायकांनी घरी केलेल्या भीतीदायक वस्तू मांडल्या जातात. व्हेर्नानं यंदा भुताचं घर करायला घेतलं होतं. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लाकडी खोका तिनं रिकामा केला, त्याला काळा रंग दिला, आत पुठ्ठ्याचे मजले बसवले. चहात बुडवून पिवळट केलेल्या जाळीदार कापडाचे पडदे लावले, छपरावर वाळकं शेवाळ चिकटवलं. आता घरात राहायला माणसं तेवढी हवी होती. तीही मिळाली. मक्याच्या शेतांपलीकडे कुणी वारल्यावर मागे राहिलेल्या सामानाची विक्री होती, तिथून तिनं एक जुना फोटो आणला. घराच्या पायरीवर उभं एक कुटुंब: नवरा, दोन मुलं आणि पांढऱ्या कॉलरची, ओठ घट्ट मिटलेली बायको.

"पूर्वज विकत आणलेस वाटतं!" शेजारची ओपल आत येत हसली. मग टेबलावर कात्री आणि कापलेली माणसं पाहून तिचं हसू मावळलं. "अगं, अस्सल फोटोच कापलास? झेरॉक्स काढून ती कापायची असते. आपल्यात कुणी अस्सलला कात्री लावत नाही."

"तेवढ्यासाठी कोण गाडी काढणार? आणि यांच्याबद्दल विचारणारं आता आहे कोण?"

"कुणी नाही, म्हणूनच कापायचं नसतं," ओपल म्हणाली आणि सफरचंदाचा रस अर्धा ठेवूनच निघून गेली.

व्हेर्नानं तिचं बोलणं काही मनावर घेतलं नाही. नवरा आणि मुलं तिनं खालच्या खिडक्यांत लावली, बाईला माळ्याच्या खिडकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मधल्या मजल्यावर होती.

भुताखेतांवर व्हेर्नाचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे लगेच जावई आला. मागच्या दाराची किल्ली ड्वेनकडे असायची, आणि आदल्याच दिवशी तो पन्हळीतली पानं काढायला येऊन गेला होता. घर विकून सासूला वृद्धाश्रमात ठेवायचं त्याच्या डोक्यात कधीपासून घोळत होतं. लेक जोलीननं तर निक्षून सांगितलं होतं, "आई, एक तर सोबतीला बाई ठेव, नाहीतर नाताळच्या आत घर सोडायचं." सोबतीच्या बायका व्हेर्नानं पाहिल्या आणि एकेकीला वाटेला लावलं. पण म्हातारीला विसर पडतो असं एकदा सिद्ध झालं, की कोण तिचं ऐकणार होतं? तिची स्वतःची आई शेवटी लेकीलाही ओळखेनाशी झाली होती. तो धसका व्हेर्नाच्या मनात कायम होता, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही. तिनं बाईला सोडवून पुन्हा माळ्यावर नेलं, सुतारी गोंद लावून पक्कं चिकटवलं, आणि मागच्या दाराला खुर्ची लावून ठेवली.

सकाळी खुर्ची जागच्या जागी होती. माळ्याच्या खिडकीत कागदाचा नुसता एक पापुद्रा उरला होता. बाई तळमजल्याच्या दारात उभी होती.

दुपारी ड्वेन आला तो व्हेर्नाच्या तावडीतच सापडला. "मला वेडी ठरवायचा डाव आहे ना तुझा? त्या बाईला का हात लावतोस?"

"कुठली बाई, आई?" ड्वेन गोंधळला. मग खोक्यापाशी वाकला आणि तसाच राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "ही... ही तर वर होती ना? परवा मी पाहिली होती. अगदी वर..."

तो खोटं बोलत नव्हता. व्हेर्नाला क्षणभर हायसं वाटलं, आपलं डोकं ठिकाणावर आहे म्हणून. मग तिची नजर दारातल्या बाईकडे गेली.

"मी हे घेऊन जातो," ड्वेन म्हणाला. "आणि जोलीनला सांगू नका. ती आपल्या दोघांनाही एकाच वृद्धाश्रमात टाकेल."

एवढी वर्षं ज्याचा संशय घेतला, तो माणूस स्वतःच भेदरून खोक्यावर चादर गुंडाळत होता. व्हेर्नाला स्वतःची लाज वाटली. तिनं त्याला फाटकापर्यंत सोडलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, दारात ती नाहीये. तुमच्याकडेच पडली असेल, जरा बघता का?"

व्हेर्नानं टेबलाखाली पाहिलं, गालिचा उचलला, कचऱ्याची टोपली उपडी केली. घरात चहाचा आणि गोंदाचा वास अजून भरून होता. एवढ्यात पुन्हा फोन वाजला. ती स्वयंपाकघरापर्यंत पोचायच्या आतच तो थांबला. तरीही तिनं रिसीव्हर उचलला, तर पलीकडे जोलीन हसत होती.

"आई, काय गं तू! सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?"

"सोबतीला बाई ठेवलीस ते! आत्ता तिनंच तर फोन घेतला. किती गोड बोलते. म्हणाली, मी वर आहे, त्या खाली आहेत, देते हं. मी ड्वेनला आत्ताच सांगून टाकते, घर विकायचा विषय बंद!"

वरच्या खोलीत त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता. तो अजून कुणी खाली ठेवला नव्हता. जोलीनच्या आवाजामागे कुणीतरी हळूहळू श्वास घेत होतं.

"आई? ...आहे ना ती तुझ्याजवळ?"

व्हेर्नानं जिन्याकडे पाहिलं. नाही म्हटलं तर घर गेलं. नाही म्हटलं तर आपल्या आईसारखंच आपलं झालं, असं लेक म्हणणार.

"हो," ती कशीबशी म्हणाली. "आहे... राहते इथेच."

"बरं झालं बाई! नाव काय तिचं?"

 व्हेर्ना काही बोलायच्या आत, त्याच फोनवर, अगदी जवळून, एक दबका आवाज म्हणाला, "व्हेर्ना."

"अय्या, तीही व्हेर्नाच?" जोलीन खळखळून हसली. "मग मी नावानं हाक मारली तर ओ कोण देणार? व्हेर्ना...!"

व्हेर्नानं तोंड उघडलं. पण ओ वरून आली.